दोन रात्री कोल्हापुरात

दिवाळीची किंवा नाताळची सुटी जवळ आली, की आम्हां कोल्हापूरकरांच्या घरचे फोन वाजू लागतात. "अगं, आम्ही येतोय देवीला. सकाळी दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, आणि चारच्या सुमारास पुढं गणपतीपुळ्याला. तेवढ्यात काय काय होईल गं?" विचारणारी कधी नणंद असते, कधी मावसबहीण, कधी कॉलेजातली मैत्रीण. माझं सगळ्यांना एकच उत्तर असतं. तेवढ्यात दर्शन होईल, जेवण होईल, पण कोल्हापूर काही होणार नाही. त्याला दोन रात्री हव्यात.

लग्न होऊन मी या गावात आले त्याला बारा वर्षं झाली. माहेर ठाण्याचं. इथं एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. पहिल्याच आठवड्यात एक चुणचुणीत मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, मी वही आणायला विसरलो." मी चमकले, वर्गात कुणीच हसलं नाही. इथल्या मुली आणि बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात : "मी आलो," "मी जेवलो," "मी उद्या जातो." व्याकरणाच्या पुस्तकात ते बसत नाही, पण ऐकायला मोठं ऐटदार वाटतं. तुम्ही आलात तर कान उघडे ठेवा.

आता मुख्य गोष्ट. कोल्हापूर म्हणजे तिखट, अशी बाहेरच्या लोकांची पक्की समजूत असते. त्याला जबाबदार आहे ती गावोगावच्या हॉटेलांत मिळणारी 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लालभडक भाजी. ती इथल्या कुठल्याही घरात शिजत नाही. पण पाहुणे इथं येऊन तसंच काहीतरी मागतात, "एकदम झणझणीत आणा" म्हणतात, आणि मग काही हॉटेलवाले रश्श्यावर तेलाचा आणि रंगाचा थर वाढवू लागतात. पाहुणा मागेल ते गाव शिजवू लागतं. म्हणूनच काय मागायचं, हे पाहुण्यांना नीट ठाऊक असलं पाहिजे. खरं सांगायचं तर हे गाव जितकं मिरचीचं, तितकंच दुधाचं, गुळाचं आणि पाण्याचं आहे.

पहिली संध्याकाळ रंकाळ्यावर

मुक्कामाला पोचलात, की सामान टाका, तोंडावर पाणी मारा आणि थेट रंकाळ्यावर जा. देवळाची रांग उद्यावर ठेवा. संध्याकाळी सगळं गाव या तळ्याकाठी आलेलं असतं : नुकत्याच लग्न झालेल्या जोड्या, नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, शिकवणीहून परस्पर आलेली पोरं. समोरच्या काठावर शालिनी पॅलेसचा मनोरा दिसतो. हा राजवाडा १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला. तळ्यातच दगडी संध्यामठ आहे. तळं भरलेलं असलं की तो अर्धा पाण्यात असतो, पाणी ओसरलं की मोकळा होतो.

जलपर्णीनं आणि सांडपाण्यानं या तळ्यानं फार सोसलं आहे. त्यामुळे भेळेचा कागद आणि कणसाचं बुरकुंड कठड्यावर ठेवून उठू नका. मुलांनाही तेवढं सांगा.

रात्रीच्या खाण्याआधी दुधाची चव घ्या. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. हे तालमींचं गाव. पैलवानांच्या खुराकाला असं धारोष्ण दूध लागायचं, त्यातून ही रीत पडली. पाहायला अवश्य जा. पण मैत्रिणींनो, न तापवलेलं दूध लहान मुलांना, गरोदर बाईला आणि आजाऱ्याला देऊ नये, हा घरचा नियम प्रवासातही सोडू नका. त्यांच्यासाठी गावात जागोजागी 'दूध कोल्ड्रिंक' मिळतं : थंडगार, दाट, गोड दूध. नाव ऐकून पाहुणे बुचकळ्यात पडतात आणि दुसरा ग्लास मागतात.

पहाटेचा घाट, मग देवी

दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचा कंटाळा करू नका. कुटुंबातली बाकीची मंडळी झोपली असतील तर झोपू द्या. तुम्ही एकट्या किंवा सोबतीला एखादीला घेऊन पंचगंगेच्या घाटावर जा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची ही पंचगंगा. पायऱ्यांवर बसलं की समोर शिवाजी पूल दिसतो, काठावर जुनी दगडी देवळं, आणि हिवाळ्यात पाण्यावर धुकं. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे तर या घाटावर हजारो पणत्या लागतात. घरात सगळ्यांच्या आधी उठूनही आपल्याला सकाळ अशी बघायला मिळत नाही. चहाच्या आधणातच ती संपते. इथं ती अर्धा तास तरी आपली असते.

तिथून अंबाबाईच्या देवळात. पहाटे रांग लहान असते. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र सोडलंत तर आणखी बरं. देऊळ नुसतं दर्शन घेऊन सोडू नका. बाहेरच्या भिंतींवरच्या कोरीव मूर्ती सावकाश, प्रदक्षिणेच्या वाटेनं पाहा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी सरता सरता मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. आभाळ स्वच्छ असलं तर ते देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. याला किरणोत्सव म्हणतात. त्या दिवसांत येणार असाल तर संध्याकाळी गर्दीची तयारी ठेवा.

देवळाबाहेर पडलात की जवळच कपिलतीर्थाची भाजी मंडई आहे. दुसऱ्या गावची मंडई पाहण्यासारखी गंमत नाही, असं मला वाटतं. कोवळ्या मेथीच्या जुड्या, काटेरी देठांची वांगी आणि "घ्या की ताई" म्हणणाऱ्या बायका. काही घ्यायचं नसलं तरी एक फेरी मारा.

मिसळ, पण ब्रेडबरोबर

नाश्त्याला मिसळ. कोल्हापूरच्या मिसळीबरोबर पाव येत नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात. आणि वरून वाढतात त्याला 'कट' म्हणायचं. कट तांबडा असतो, पण नुसता तिखट नसतो. कांदा, लसूण, खोबरं आणि गरम मसाल्याची चव जिभेवर आधी येते. तिखट कमी हवं असेल तर "कट बाजूला द्या" असं मोकळेपणानं सांगा. कुणी हसत नाही. चांगल्या ठिकाणची मिसळ दुपारपर्यंत संपते, तेव्हा दहाच्या आत जा.

पोट भरल्यावर टाउन हॉलकडे पायी जा. १८७०च्या दशकात बांधलेल्या या इमारतीत संग्रहालय आहे. ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी ब्राँझची मूर्ती इथलीच. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे हा समुद्रदेव आला कसा, हा प्रश्न मी दरवर्षी माझ्या वर्गाला विचारते. उत्तर व्यापारात आहे : दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा माल घाट उतरून बंदरात जायचा आणि तिकडचा वर यायचा.

तांबडा, पांढरा आणि अळणी

दुपारच्या जेवणाला तांबडा-पांढरा असणारच. पण या दोन रश्श्यांच्या आधी एक तिसरा असतो, तो पाहुण्यांना माहीत नसतो. मटण आलं-लसूण, कांदा आणि मीठ घालून भरपूर पाण्यात शिजवतात; ते पाणी म्हणजे अळणी रस्सा. तांबडा यातूनच होतो आणि पांढराही यातूनच. घरात लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना वाटीभर अळणीच देतात. हॉटेलातही मुलांसाठी मागा, बहुतेक ठिकाणी मिळतो.

तांबड्याचा जीव आहे चटणीत. कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याला 'चटणी' म्हणतात आणि ती उन्हाळ्यात वर्षभराची करून ठेवतात. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटपणाला संकेश्वरी. शिवाय वाळवून तळलेला कांदा, लसूण, धणे, तीळ, सुकं खोबरं, गरम मसाला. सगळं भाजून डंकावर कुटून आणायचं. माझ्या सासूबाई म्हणतात, "मिरची दिसावी, पण बोलावं खोबऱ्यानं." चटणी जमली की नाही, याची त्यांची एवढीच परीक्षा.

पांढरा रस्सा घरी करून पाहायचा असेल तर असा करा. अर्धा किलो मटण दोन कांदे, आलं-लसणाचं वाटण, मीठ आणि सहा-सात वाट्या पाणी घालून शिजवा. पाणी गाळून घ्या. दोन चमचे पांढरे तीळ, एक चमचा खसखस आणि आठ-दहा काजू भिजवून अगदी गंधासारखे वाटा. तुपात दालचिनी, लवंग, मिरी, वेलदोडा आणि दोन हिरव्या मिरच्या परतून त्यात हे वाटण मंद आचेवर परता. रंग बदलू देऊ नका. मग अळणी पाणी ओतून एक उकळी काढा. आच अगदी बारीक करून वाटीभर नारळाचं दाट दूध घाला आणि ढवळत राहा. यानंतर खळखळून उकळलं तर रस्सा फुटतो. मटण न खाणाऱ्यांनी मटणाऐवजी भाज्यांचं पाणी घ्यावं. चव वेगळी पण छान लागते.

संध्याकाळी खासबागेकडे जा. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्त्यांचं मैदान इथं आहे. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृहही त्यांच्याच काळातलं, १९१५चं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं, तेव्हा इथल्या कितीतरी घरांत त्या रात्री चूल धड पेटली नाही. लगतच्या खाऊगल्लीत भेळेपासून आइस्क्रीमपर्यंत सगळं मिळतं.

गुऱ्हाळात तासभर

ऑक्टोबरअखेरीपासून मार्चपर्यंत आलात तर गावाबाहेर एखादं गुऱ्हाळ चुकवू नका. ती आता पूर्वीइतकी राहिलेली नाहीत, पण रिक्षावाल्याला किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारलंत तर पत्ता मिळतो. भलीमोठी काहील, खाली चुलवाणात जळणारी उसाची चिपाडं, आणि उकळत्या रसावरची मळी काढणारे गडी. रस स्वच्छ व्हावा म्हणून त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. पाक झाला की नाही, हे गुळव्या पाण्यात टाकलेल्या थेंबाच्या गोळीवरून ओळखतो. मग काहील वाफ्यात उलटी होते आणि सगळीकडे वास सुटतो. गरम गूळ शेंगदाण्यांबरोबर हातावर घेऊन खा. मुलांना चॉकलेटची आठवण होत नाही.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण गूळ विकत घेताना पिवळाधमक मागू नका. गिऱ्हाइकाला पिवळा रंग आवडतो, म्हणून काही जण रसात रसायनी पावडर घालून गूळ उजळ करतात. तांबूस-तपकिरी गूळ दिसायला साधा, पण चवीला खरा. रंगापायी आपणच चांगल्या गुळाचं नुकसान करतो. रश्श्याचं झालं, तसंच हेही. जमलं तर काकवीची एक बाटली घ्या. पोळीबरोबर, थालीपिठाबरोबर महिनाभर पुरते.

पन्हाळ्याची झुणका-भाकर

तिसरा दिवस पन्हाळ्याचा. अंतर जेमतेम वीस किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते, त्यामुळे सासू-सासऱ्यांनाही नेता येतं. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज सुमारे चार महिने या गडावर अडकले होते आणि जुलैतल्या एका पावसाळी रात्री विशाळगडाकडे निसटले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांनी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी प्राण दिले. मुलांना ही गोष्ट पुस्तकातून पाठ असते; इथं उभं राहून खालची दरी पाहिली की ती कळते. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे.

तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी हे तर पाहालच. पण आपण बायकांनी अंबरखाना निवांत बघावा. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं असलेली ही धान्याची दगडी कोठारं. वेढ्यात सैन्य जगवायचं म्हणजे तलवारीइतकीच कोठी लागते. वर्षाचं धान्य भरणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

दुपारी हॉटेल शोधू नका. गडावर बायका चूल मांडून झुणका-भाकर करून देतात. ज्वारीची किंवा नाचणीची गरम भाकरी, झुणका, मिरचीचा खर्डा, कांदा आणि दही. भाकरी थापणाऱ्या हातांकडे जरा बघा. पहाटे घरचं आवरून, सरपण आणि पीठ घेऊन त्या आलेल्या असतात. भाकरीच्या पैशांत घासाघीस करू नये, एवढीच विनंती. आपण घरी भाकरीचे पैसे मागत नाही, म्हणून तिला किंमत नसते असं नाही. शिवाय दुसऱ्या बाईनं थापलेली गरम भाकरी आपल्या ताटात पडावी, हे सुख आपल्या वाट्याला किती वेळा येतं?

परतताना त्याच बाजूला जोतिबाचा डोंगर आहे. चैत्रयात्रेला तिथं पाय ठेवायला जागा नसते. एरवी गुलालानं माखलेलं ते आवार निवांत असतं.

आणखी एक दिवस असेल तर

पूर्वेला सुमारे पन्नास किलोमीटरवर नरसोबाची वाडी. कृष्णा आणि पंचगंगा इथं भेटतात. दत्ताचं दर्शन, दाट बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी. कवठाची आंबटगोड बर्फी दुसरीकडे सहसा मिळत नाही. पुढं खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ. बाराव्या शतकातल्या या शिलाहारकालीन देवळाच्या स्वर्गमंडपाचं छत मध्यभागी गोल उघडं आहे. खाली तेवढ्याच मोठ्या गोल शिळेवर उभं राहून वर पाहिलं की आभाळाचा वाटोळा तुकडा दिसतो. खायला फारसं काही मिळत नाही, तेव्हा डबा बरोबर घ्या. रानाची आवड असेल तर राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यात गवे दिसतात. पावसाळ्यात ते बंद असतं.

एवढं लक्षात ठेवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचा अंदाज घेऊनच निघा. २०१९ आणि २०२१ साली पुरामुळे महामार्गही बंद पडला होता.

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी पोचता येतं. पुण्याहून रस्त्यानं अंतर सुमारे २३० किलोमीटर.

मुक्काम देवळाजवळ घ्या. घाट, मंडई, भवानी मंडप, गुजरी आणि चप्पल लाइन पायी होतात.

चप्पल घेताना तळ उलटा करून पाहा. अस्सल कोल्हापुरी चप्पल चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, तिला खिळे नसतात. पावसात वापरू नका; पहिले काही दिवस आतून थोडं तेल लावा, म्हणजे चावत नाही.

घरी न्यायला तांबूस गूळ, पावशेर चटणी आणि भडंग. चटणी काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्यानं.

जेवायला बसल्यावर "झणझणीत आणा" म्हणू नका. "तुम्ही घरी खाता तसं द्या" म्हणा. वाढणारा जरा थांबून तुमच्याकडे बघेल, आणि मग जे ताटात येईल ते खरं कोल्हापूर. निघताना शेजारची एखादी बाई विचारील, "परत कधी येतो म्हणायचं?" तिला तारीख सांगूनच निघा.